रविवारचे अकरा पेशंट

माझ्या दादाला ऑफिसात ‘मागची तारीख’ म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर सगळे ‘हेडक्लार्कसाहेब’. पण जिन्यात, पाण्याच्या नळापाशी ‘आली का रे मागची तारीख?’ असं मी माझ्या कानांनी ऐकलंय. नाव ठेवणाऱ्यांचा मला राग येत नाही. दादाचा येतो. ते नाव त्याने कमावलंय.

त्याचं काम असं. वरचे साहेब लोक काहीतरी ठरवून टाकतात, कधी कधी तर गाडीत बसता बसता. मग दादाला निरोप येतो, ‘हे झालंय, कागद लावून घ्या.’ दादा कागद लावतो. आधी लोकांची तक्रार, मग सर्वेक्षण, मग तीन पर्याय, मग समितीची बैठक आणि सगळ्यात शेवटी निर्णय. सगळ्यावर मागच्या तारखा. पेनसुद्धा दोन-तीन वापरतो, म्हणजे सगळं एकाच दिवशी लिहिल्यासारखं दिसायला नको. एकतीस वर्षं हे केलं आणि घरी येऊन पोटभर जेवला.

पुलाजवळचा दवाखाना असाच बंद झाला. साहेबांच्या गाड्या लावायला जागा हवी होती, दुसरं काही कारण नव्हतं. मी तिथे नर्स होते, कुलूप लागेपर्यंत होते. सर्वेक्षणाला कुत्रं फिरकलं नाही. मला उचलून गोदामांमागच्या दवाखान्यात टाकलं आणि दादाने तिकडे ऑफिसात फाईल सजवली.

वर्षभराने एक संशोधक बाई आल्या. सरकारी धोरणं कशी तयार होतात यावर त्यांचा अभ्यास. चार महिने रेकॉर्ड रूममध्ये बसून त्यांनी दादाच्या फायली वाचल्या. दादाने त्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं, खुर्चीवर स्वतःची उशी ठेवली. वहिनीने मागितली असती तर दिली नसती. बाईंची थिअरी पायऱ्यांची होती. आधी प्रश्न दिसतो, मग पर्याय तपासतात, मग निर्णय, मग अंमलबजावणी. पुलाजवळच्या दवाखान्याच्या फायलीत त्यांना सगळ्या पायऱ्या ओळीने सापडल्या. सापडणारच, दादानेच बांधल्या होत्या. ‘इतकी शिस्तशीर फाईल मी पाहिली नाही, असं म्हणाल्या,’ हे त्याने आम्हाला तीनदा ऐकवलं.

मग बाईंचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, दवाखाने बंद करण्याची ही पद्धत आदर्श आहे, इतरत्रही वापरावी. साहेबांना आयतंच मिळालं. नऊ दवाखान्यांची यादी निघाली. सातवा माझा.

माझ्याकडे एक हमाल येतो. साखरेचा आजार, पायाला जखम. दिवसाआड ड्रेसिंग. मोठं हॉस्पिटल दोन बस बदलून, आणि तिथे अर्धा दिवस रांगेत. तो काम सोडून जाणार नाही हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. दवाखान्याच्या दारावर नोटीस लागली तेव्हा त्याने मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचली. तो म्हणाला, ‘मग आता पट्टी तुम्ही घरी येऊन कराल का, सिस्टर?’

नोटिशीला बाईंचा अहवाल जोडला होता. त्यात पुलाजवळच्या दवाखान्याचं दादाचं सर्वेक्षण, सात दिवसांचे पेशंटचे आकडे. सोमवार चौदा, मंगळवार बारा, असं करत शेवटी रविवार, अकरा. मी पुन्हा वाचलं. आमचे दवाखाने रविवारी बंद असतात. बाईंनी ते अकराही धरून सरासरी काढली होती, वर आलेख काढला होता.

मी तशीच दादाच्या घरी गेले. कागद त्याच्या पुढ्यात आपटला. त्याचा चेहरा उजळला. ‘दिसलं तुला?’ म्हणाला. ‘मी मुद्दाम ठेवला होता रविवार. कुणी नीट पाहिलं तर कळावं म्हणून.’

माझं टाळकं सटकलं. म्हटलं, ‘गुरुवारी दवाखान्याबद्दल सुनावणी आहे. तिथे उभा राहून हेच सांग.’

‘रिटायर व्हायला सहा महिने राहिलेत गं,’ तो म्हणाला. वहिनी दारात उभी होती, ती आत गेली.

गुरुवारी मीच उभी राहिले. समोर साहेब, शेजारी तज्ज्ञ म्हणून संशोधक बाई, कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला दादा. मी रविवारचं सांगितलं. पुलाजवळच्या दवाखान्यात मी होते, कुणी मोजायला आलं नव्हतं, हेही सांगितलं. साहेबांनी मान वळवली. ‘काय हो, सर्वेक्षण झालं होतं ना?’

दादाने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता बोलतो.

‘कागदावर आहे, साहेब.’

जिन्यात संशोधक बाईंनी मला गाठलं. मला वाटलं, शरमल्या असतील. कसलं काय. डोळे चमकत होते. म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही सांगितलंत ते फार महत्त्वाचं आहे. याला दुसरीच थिअरी लागू पडते. उपाय आधीच तयार असतो, तो प्रश्न शोधत फिरतो. संधी मिळाली की दोघांची गाठ पडते. मला तुमची मुलाखत हवी, नाव गुप्त ठेवीन.’

मी म्हटलं, ‘आधी गोळी द्यायची आणि मग रोग शोधायचा, याला आमच्यात थिअरी म्हणत नाहीत बाई, नोकरीवरून काढतात. तुमचा अहवाल चुकला एवढं साहेबांना लिहून द्या.’

‘अहवाल स्वीकारला गेलाय,’ त्या म्हणाल्या. ‘पुढच्या लेखात दुरुस्ती येईलच.’

पुढचा लेख यायला दोन वर्षं लागतात म्हणे. माझा दवाखाना सात आठवड्यांत बंद झाला. हमालाच्या घरी मी जमेल तेव्हा जात होते, मग माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली. पावसाळा संपता संपता त्याचा पाय गुडघ्याखाली कापला.

त्यानंतर मी सुनावणीच्या इतिवृत्ताची प्रत मागवली. दादाचं अक्षर. ‘उपस्थितांनी मौलिक सूचना केल्या. त्या विचारात घेण्यात आल्या.’ माझा रविवार कुठेच नव्हता. मग वरची तारीख पाहिली. सुनावणी गुरुवारी झाली होती. इतिवृत्तावर वार होता रविवार.

मी कागद घेऊन त्याच्याकडे गेले. तो रिटायर झाला होता, खिडकीत बसून नखं कापत होता. कागद बघून त्याचा चेहरा पुन्हा तसाच उजळला.

‘दिसलं तुला?’

‘दिसलं, दादा,’ मी म्हटलं. ‘बाकीचे सहा वार तू कुठे होतास?’

तो खाली बघून पुन्हा नखं कापायला लागला.