खाली गेलेली ताटली

माझ्याकडे एक स्टीलची ताटली आहे. तिच्यावर माझं माहेरचं नाव आणि त्याखाली ‘गुणवंत विद्यार्थिनी’ असं कोरलेलं आहे. सातवीच्या स्कॉलरशिपला तालुक्यात पहिली आले तेव्हा बार्शीला आमच्या गल्लीतल्या मंडळानं सत्कारात दिली होती. कॅनडाला निघताना बॅगांचं वजन जास्त भरलं, तेव्हा नवऱ्यानं कुकर बाहेर काढला. ताटलीला मी हात लावू दिला नाही. पेढे करायचे तर याच ताटलीत वाटायचे, असा माझा इथला नियम. नवऱ्याची बढती झाली तेव्हाही, आम्हाला सिटिझनशिप मिळाली तेव्हाही. पेढे आपले इकडचे, मिल्क पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचे, मायक्रोवेव्हमध्ये चहा उकळेपर्यंत होणारे.

टोरंटोच्या पश्चिमेला, जिथे काल शेत होतं आणि आज एकसारखी घरं आहेत, तिथे आम्ही राहतो. मी रोज ग्वेल्फला गाडी हाणत जाते, तिथे दुधाच्या पदार्थांच्या तपासणीचं माझं काम आहे. आमच्या बेसमेंटमध्ये तीन वर्षांपूर्वी उदगीरकडचं एक कुटुंब राहायला आलं. बायको कॉलेजात शिकायला म्हणून आली, मागून नवरा आणि मुलगी. आता ती वर्क परमिटवर आहे, पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीची, वाट बघतेय आणि सकाळी ग्रोसरीच्या बेकरीत कामाला जाते. नवरा ट्रकवर. मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात आली. दोघींना आम्ही ‘वरची’ आणि ‘खालची’ म्हणायला लागलो आणि तेच चिकटलं.

दोघी सहावीत होत्या तेव्हा मला कळलं की आमच्या भागात गणित-विज्ञानाचा खास अभ्यासक्रम असलेलं एक सरकारी हायस्कूल आहे. नववीला प्रवेश, आणि प्रवेश परीक्षेवर. परीक्षा म्हटल्यावर माझ्या अंगात आलंच. शनिवारी सकाळी दोघींना मी किचनच्या टेबलाशी बसवायला लागले. भारतातून बुद्धिमत्ता चाचणीची पुस्तकं मागवली. नवरा म्हणायचा, “पोरींना झोपू दे गं शनिवारी.” मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

आता खरं ते सांगते. माझी मुलगी हुशार आहे, पण खालची वेगळीच होती. एकदा मी विचारलं, दिवसभरात घड्याळाचे दोन काटे एकमेकांवर किती वेळा येतात? माझी पटकन म्हणाली, “चोवीस.” खालचीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, “मावशी, बावीस. मोठा काटा पोचेपर्यंत छोटा थोडा पुढे सरकलेला असतो ना. त्यामुळे बारा तासांत एक भेट हुकते.” हे मला गुरुजींनी तीनदा समजावलं तेव्हा कळलं होतं. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी तिच्या आईला जिन्यात गाठून म्हटलं, “ही जाणार बघ त्या शाळेत.” तिनं नुसते हात जोडले, देवाला की मला कोण जाणे.

दोघी आठवीत गेल्या आणि इथल्या शाळांच्या बोर्डानं नियम बदलला. परीक्षा बंद. मुलानं आपल्याला ही शाळा का हवी ते चार ओळींत लिहून पाठवायचं. पुढे लॉटरी.

मी इतकी चिडले की दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. पालकांच्या सभेला मुद्दाम गेले. माझं इंग्रजी रागात जास्त चांगलं होतं. मी उभी राहून सांगितलं की ज्यानं दोन वर्षं घासली त्याला आणि ज्यानं काल फॉर्म भरला त्याला तुम्ही एकाच डब्यात टाकणार असाल, तर मुलांना अभ्यास करा म्हणून सांगायचं कोणत्या तोंडानं? टाळ्या पडल्या. मी बसले. मग मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. ते हळू आवाजात बोलत होते. म्हणाले, माझ्या मुलीला गणित आवडतं. पण अशी परीक्षा असते, तिचे क्लास असतात, हे आमच्या शाळेत आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. गेल्या वर्षीपर्यंत आमच्या शाळेतून तिथे कुणी गेल्याचं मी ऐकलं नाही. या वर्षी पहिल्यांदा माझ्या मुलीनं फॉर्म भरलाय. त्यांना टाळ्या पडल्या नाहीत. मला वाटलं होतं मी लगेच काहीतरी उत्तर देईन. पण ते बसले आणि मीही बसूनच राहिले.

फॉर्म भरायचा दिवस आला तेव्हा खालचीची आई लॅपटॉपसाठी वर आली. दोघींचे फॉर्म मी पाठोपाठ भरले. मी लॉटरीच्या नावानं बोटं मोडत होते. ती हसून म्हणाली, “ताई, तुम्हाला हे नवीन आहे. आम्ही तर आल्यापासून ड्रॉचीच वाट बघतोय. पीआरच्या ड्रॉमध्ये नाव नाही आलं की मी म्हणते, चला, पुढच्या ड्रॉपर्यंत पाव भाजू.”

निकालाचा ईमेल सगळ्यांना एकाच दिवशी आला. माझ्या मुलीचं नाव लागलं. मी प्रयोगशाळेच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तो तीनदा वाचला आणि मला रडू आलं. घरी येताना कंडेन्स्ड मिल्कचा डबा घेतला. ज्या लॉटरीला मी भर सभेत नावं ठेवली होती, तिच्याच नावानं वेलदोडे कुटत होते, आणि त्यात काही चुकतंय असं माझ्या डोक्यातही आलं नाही. इतकी वर्षं हात जे करत आलेत तेच करत होते. मूल कुठे लागलं की पेढे. आणि पहिली ताटली शेजारी.

मुलगी पायरीवर बसली होती. म्हणाली, “आई, इट्स नॉट अ प्राइज. दे जस्ट पिक्ड अ नंबर.” मी म्हटलं, “गप गं, मेहनत केलीस तू.” आणि ताटली घेऊन जिना उतरले.

दार खालचीनं उघडलं. मी अजून तिच्या निकालाचं विचारलंही नव्हतं. पेढे बघून ती मनापासून हसली, आणि आपल्याकडे पेढे आले की पोरं जे विचारतात तेच तिनं विचारलं. “अय्या, मावशी, किती मार्क पडले?”

तिनं टोमणा मारला नव्हता. उदगीरला लहानपणापासून हेच ऐकलं होतं तिनं. तेवढ्यात मागून तिची आई आली. तिनं ताटली घेतली, एक पेढा देवापुढे ठेवला, माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, “वरचीचं नाव लागलं ना? फार छान झालं, ताई. आमची वेटिंगवर आहे. सतरावी.” मग तिनं मला चहाचं विचारलं. मी काहीतरी निमित्त सांगून वर आले. स्वतःची इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

त्यानंतर काही दिवस मला सारखी बार्शीची एक मुलगी आठवत होती. आमच्या वर्गात होती, गावाबाहेरच्या वस्तीवरून चालत यायची. फळ्यावरचं गणित माझ्याआधी सोडवायची. गुरुजी स्कॉलरशिपचा जादा तास पहाटे सहाला आपल्या घरी घ्यायचे, त्यांचं घर आमच्यापासून दोन दारं सोडून. मी चपला न घालताच जायचे. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी पहाटे त्या रस्त्यानं तिला कोण पाठवणार होतं? तिनं परीक्षा दिली, नुसती पास झाली. माझा सत्कार झाला तेव्हा ती पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण ताटलीवर नाव माझं कोरलं गेलं, आणि पुढे तीस वर्षं मी त्याला मेरिट म्हणत आले. सभेतल्या त्या गृहस्थांना उत्तर का देता आलं नाही ते मला तेव्हा कळलं.

म्हणून लॉटरी बरी, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या जागेला लायक मुलगी माझ्याच घरात खाली राहत होती, शनिवारी माझ्यासमोर बसत होती, आणि डब्यातून तिचं नाव निघालं नाही. हे मला आजही पटत नाही.

एका संध्याकाळी माझी मुलगी म्हणाली, “शी कॅन हॅव माय स्पॉट. मला तितकं नकोय.” दुसऱ्या दिवशी मी बोर्डाच्या ऑफिसला फोन केला. पलीकडची बाई गोड बोलत होती. तिनं सांगितलं की जागा सोडता येते, पण ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. सोडली तर वेटिंगमधल्या पहिल्याला जाईल. सतरावीला नाही. मी फोन ठेवला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला हायसं वाटलं. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

वेटिंग लिस्ट हळूहळू पुढे सरकत होती. सतराची बारा झाली, बाराची नऊ. खालचीची आई रोज कामावरून आली की जिन्याच्या तोंडाशी थांबून मला आकडा सांगायची. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी यादी बंद झाली तेव्हा मुलगी सहाव्या नंबरवर होती. त्या दिवशी तिनं आकडा सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.

या सगळ्यात ताटली खालीच राहिली होती. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चार दिवसांत भांडं येतं, त्यात चिमूटभर साखर तरी असते. एक महिना गेला, दोन गेले. मधल्या काळात तिनं मला भाकरी दिली, शेंगदाण्याची चटणी दिली, पण सगळं तिच्या डब्यातून. माझी ताटली काही येईना. मी मनाशी धरून बसले की ती दुखावली आहे, आणि दुखवलं मीच आहे.

सप्टेंबरात माझी मुलगी पिवळ्या बसनं त्या शाळेत जायला लागली. खालची चालत कोपऱ्यावरच्या शाळेत. पहिल्या महिन्यातच माझीला गणितात अठ्ठेचाळीस मिळाले. ती खोलीचं दार लावून बसली. मी पुस्तक उघडून बघितलं, पण ते माझ्या स्कॉलरशिपच्या पलीकडचं होतं. शनिवारी सकाळी मी चहा करत असताना जिन्यावर पावलं वाजली. खालची आली, तिच्या जुन्या खुर्चीवर बसली आणि माझ्या मुलीला म्हणाली, “शो मी द टेस्ट.”

मग दर शनिवारी तेच. ज्या शाळेत तिला जागा नव्हती तिचा गृहपाठ ती माझ्या मुलीबरोबर करायची. आधी स्वतः वाचायची, घड्याळाकडे बघत थोडा वेळ घ्यायची, मग समजवायची. माझी मुलगी चिडली की हीच तिला म्हणायची, “उलटीकडून बघ ना.” एकदा मी न राहवून विचारलं, “तुला वाईट नाही वाटत गं?” ती म्हणाली, “वाटतं की. पण मावशी, नाहीतर हे मला बघायलाही मिळालं नसतं.” आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तिला ते आवडलं नसतं. मी दोघींसाठी उपमा टाकला.

डिसेंबरात, बाहेर बर्फ साचायला लागला होता तेव्हा, वरचीच्या सत्राच्या गणिताचा निकाल आला. शहात्तर. त्या संध्याकाळी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढून आत आले, तर खालचीची आई किचनमध्ये उभी. बाजूला दोघी मुली. आणि टेबलावर माझी ताटली, वर पेढे रचलेले.

मी म्हटलं, “अगं, पीआर झालं की काय तुमचं?”

“कुठलं, ताई. त्याचा ड्रॉ व्हायचाय.” तिनं हात पदराला पुसावेत तसे स्वेटरला पुसले. “ताटली कधीची द्यायची होती. पण रिकामी कशी देऊ? आणि पेढ्यांच्या ताटलीत दुसरं काही घालायला मन होईना. म्हटलं, आमच्याकडे पेढे करण्यासारखं काही होऊ दे. आज आमचीला वरचीचे मार्क कळले आणि ती नाचतच खाली आली, शहात्तर शहात्तर करत. म्हणून केले.”

मी एक पेढा उचलला. खाली माझं कोरलेलं नाव दिसलं. मग मी तेच विचारलं जे विचारायचं असतं. “किती मार्क पडले?”

“शहात्तर,” दोघी एकदम म्हणाल्या.

सोमवारी सकाळी पिवळी बस आली, तेव्हा तिच्यात वरची एकटीच चढली.