आधीची जात

"आधीची जात बोल. मोठ्यानं बोल, कॉम्प्युटरला ऐकू येत न्हाय."

दाखले काढून देणाऱ्या केंद्राचा मालक माझ्या बापाला असं म्हणाला. बापापेक्षा वीस वर्षांनी लहान. मागे रांग, त्यात निम्मी ओळखीची माणसं. दोघं-तिघं हसली.

मला नर्सिंगला जागा मिळाली होती. मुदतीत जातीचा दाखला दिला तरच ती राहणार होती. आजोबांनी दीक्षा घेतली आणि पोरांच्या शाळेत हट्टानं फक्त 'बौद्ध' लिहवून घेतलं. आता ऑनलाइन अर्ज विचारत होता, त्याआधी कोण होतात? तो शब्द बापानं घरात कधी काढला नव्हता. यांना सवलत हवी, जात सांगायला लाज वाटते, असं मालक रांगेकडे बघून म्हणाला. शेवटी बाप बोलला. हळू. मग पुन्हा, मोठ्यानं. मी खाली मान घालून उभी. तेव्हा मी तोंड उघडलं नाही, याचा राग अजून गेला नाही.

आता चकरा बंद, सगळं मोबाइलवर कळेल, असं भिंतीवर लिहिलेलं होतं. आम्ही विश्वास ठेवला. मेसेज आला नाही. आमच्या दिघीहून एसटीनं केंद्रावर तीनदा गेलो. दर वेळी सर्व्हर डाऊन.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी एकटी गेले. सरळ टेबलामागे शिरले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. अर्ज अठरा दिवसांपूर्वीच परत आला होता. आधीची जात लिहिलेला आजोबांचा शाळेचा दाखला मालकानं तिरका स्कॅन केलेला, अक्षर लागत नव्हतं. मोबाइलच्या रकान्यात याचाच नंबर. खालच्या अर्जांतही तोच. सगळ्यांच्या अर्जात तो स्वतःचा नंबर घालतो, म्हणजे माणूस पुन्हा त्याच्याच दारात येतो.

"माझा नंबर का न्हाय टाकलात?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"वाचता येतं मला. चूक तुमची, आता हे लिहून द्या."

त्यानं दिलं नाही. माझी जागा गेली.

मी तहसील कार्यालयात तक्रार दिली, पोच घेतली. बापाला काय विचारलं, कसं विचारलं, सगळं लिहिलं. आता निरोप येतात, मागे घे, केंद्र बंद पडलं तर सगळ्यांची गैरसोय होईल. बापही म्हणतो, जाऊ दे.

नाही जाऊ देणार. सोमवारी सुनावणी आहे. बापाला घेऊन जाणार आहे. आधी त्याच्यासाठी खुर्ची मागेन. तो बसेपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही.