चादरीवाल्या बाईंची प्रार्थना

एखादी बाई बारा वर्षं आपल्याशेजारी बसून भाजी निवडते, बाळंतपणात आपले पाय चेपते, देवाच्या आडून आपल्याला टोमणे मारते, आणि तरी ती आपल्याला ठाऊक नसते. हे मला महिन्याभरापूर्वी एका सकाळी कळलं आणि त्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही. ही बाई म्हणजे माझ्या सासूबाई.

एकतीस वर्षं त्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, चादरींच्या खोलीत कामाला होत्या. सगळं इस्पितळ त्यांना चादरीवाल्या बाई म्हणायचं. वॉर्डांतून मळक्या चादरींचे गठ्ठे खाली यायचे, गाडीतून धुलाईला जायचे, धुऊन परत यायचे. मग बाई एकेक चादर खिडकीतल्या उजेडासमोर धरून बघायच्या. भोक असेल तर मशीनवर रफू, फारच विरली असेल तर फाडून तिचे अभ्रे. घडी एकट्याच घालायच्या, चादरीचा मध्य हनुवटीखाली दाबून, दोन्ही हात ताणून. कडा जुळल्या नाहीत की पुन्हा उलगडायच्या. "यावर कुणीतरी दुखणेकरी निजणार असतो, त्याला सुरकुतीसुद्धा टोचते गं," म्हणायच्या. घरी या शिस्तीतून माझ्या नवऱ्याचे मोजेही सुटले नाहीत.

आमच्या घरी रोज सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कौटुंबिक प्रार्थना होते. पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय वाचायचा, पाळीपाळीने. मग डोळे मिटून प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची, धाकट्यापासून सुरुवात. आता मोठ्याने प्रार्थना करणाऱ्या घरांत एक सोय असते, ती ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. तोंडावर जे बोलता येत नाही ते प्रभूला सांगायचं. सासूबाई यात पटाईत. "हे प्रभू, जे हात काल गॅसवर दूध ठेवून फोनवर बोलत बसले, त्या हातांना क्षमा कर." डोळे मिटलेले, हात जोडलेले, उलटून बोलणार कसं? पण मीही काही कमी नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "हे प्रभू, आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही, पण दुसऱ्याचे फोन ऐकू येतात. या चमत्काराबद्दल तुझे आभार." माझा नवरा खोकला. सासूबाई शांतपणे "आमेन" म्हणाल्या आणि दिवसभर माझ्याशी दोनच शब्द बोलल्या.

पण त्यांची प्रार्थना संपायची मात्र रोज एकाच मागणीने. "माझ्या धाकट्याला घरी आण, प्रभू. मी डोळे मिटायच्या आत आण." सात वर्षं, एकही सकाळ न चुकता.

हा धाकटा म्हणजे माझा दीर. सात वर्षांपूर्वी सासरे छातीच्या दुखण्याने त्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर होते. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. त्या दिवशी दुपारी एक ते पाच भाऊजींची पाळी होती. तीनच्या सुमारास सासरे गेले आणि त्या वेळी त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. माझा नवरा धावत पोहोचला तेव्हा भाऊजी वॉर्डाच्या दारात उभे होते. "कुठे होतास?" "खायला गेलो होतो, दादा." एवढंच बोलले. पुढे किती विचारलं तरी मान खाली. दफनाच्या दुसऱ्या दिवशी माझा नवरा सगळ्यांसमोर शपथ घेऊन म्हणाला, "हा या घरात राहणार असेल तर मी राहणार नाही." आठवड्याच्या आत भाऊजी एक बॅग घेऊन निघून गेले. आम्हाला कुणालाही नवल वाटलं नाही. उशिरा येणारा, नोकऱ्या सोडणारा, वेंधळा म्हणून ते घरात आधीच प्रसिद्ध होते. खरं सांगायचं तर त्यांच्या खोलीत मी चार दिवसांत माझं कपाट हलवलं.

तर महिन्याभरापूर्वीची ती सकाळ. रोज एक अध्याय या हिशेबाने आमची शास्त्राची फेरी साडेतीन वर्षांनी पूर्ण होते. त्या दिवशी आला तो शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा अध्याय, आणि वाचायची पाळी सासूबाईंची. मागच्या फेरीतही ती त्यांच्याकडेच आली होती. तेव्हा घसा बसलाय म्हणून त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं होतं. या वेळी त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं. धाकटा मुलगा वाटा मागून दूर देशी जातो, सगळं उडवतो, उपाशी पडतो, आणि घरी परततो. बाप त्याला लांबून बघतो, धावत जाऊन गळ्यात पडतो आणि नोकरांना सांगून वासरू कापून मेजवानी देतो. थोरला मात्र रागावून बाहेरच उभा राहतो. तिथे आल्यावर माझ्या नवऱ्याने खुर्ची मागे सरकवली. सासूबाई वाचत राहिल्या.

अध्याय संपला. आमची नऊ वर्षांची लेक, जिला आम्ही प्रश्नपत्रिका म्हणतो, तिने हात वर केला. शाळेची सवय.

"आजी, या गोष्टीत बाबा आहेत, दोन मुलं आहेत, नोकर आहेत, वासरूपण आहे. त्यांची आई कुठे होती?"

मी म्हटलं, "शास्त्रात लिहिलेलं नाही बाळा. चल, डोळे मीट."

"अगं पण असेलच ना कुठेतरी!"

सासूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "होती," त्या म्हणाल्या. "ती फाटकाशी होती. मुलगा बापापर्यंत पोहोचायच्या आधी तिलाच भेटला. तिने त्याला तिथूनच परत पाठवलं."

मला वाटलं, म्हातारपण. माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटलं असावं, कारण तो हसून म्हणाला, "आई, काय वाट्टेल ते सांगतेस पोरीला."

सासूबाईंनी डोळे मिटले, हात जोडले. आमची पाळीची शिस्त मोडून त्यांनीच आधी सुरुवात केली. "हे प्रभू, माझा धाकटा आला होता."

मी डोळे उघडले. माझा नवरा त्यांच्याकडेच बघत होता.

"पाच वर्षांपूर्वी आला होता, प्रभू, तू पाहिलंस. लागोपाठ तीन सकाळी चादरींच्या खोलीच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. म्हणाला, आई, थकलोय, घरी येऊ का? मी म्हटलं, दादाने काय शपथ घेतलीय ठाऊक आहे ना? तो म्हणाला, दादाचं राहू दे, तू काय म्हणतेस? आणि मी म्हटलं, मी तुझ्यासाठी प्रार्थना करते."

म्हणजे आदल्या दिवशी ज्याला खिडकीतून परत पाठवलं, त्याच्यासाठी ही बाई दुसऱ्या सकाळी आमच्यासमोर बसून रडली होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता! माझा नवरा ताडकन उठला. "माझ्यावर ढकलू नकोस आई. तू एकदा सांगितलं असतंस तर मी काय त्याला हाकलणार होतो? मला राग होता तो बाबा एकटे गेले म्हणून."

"एकटं मी टाकलं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. आता त्या प्रभूशी बोलत नव्हत्या. डोळे उघडे होते आणि थेट मुलाकडे लागले होते. "दोन वाजता मी वर गेले. पोर सकाळपासून उपाशी. मी म्हटलं, जा, खाऊन ये, मी बसते. तो गेला. तेवढ्यात खालून निरोप आला, धुलाईची गाडी आलीय. तुझे बाबा झोपले होते. म्हटलं, पाच मिनिटांत येते. गठ्ठे उतरवून घेता घेता पाऊण तास गेला रे. तू आलास, त्याला विचारलंस, कुठे होतास. मी शेजारी उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, खायला गेलो होतो. माझी जीभच उचलली नाही. आज बोलू, उद्या बोलू करत दफन झालं, तो घरातून गेला. मग परत आला तेव्हा मला वाटलं, हा घरात आला तर एक ना एक दिवस सगळं बाहेर येणार. म्हणून नाही येऊ दिलं. तुझी शपथ माझ्या कामी आली."

माझा नवरा उभाच होता, टेबलाची कड धरून. सात वर्षं त्याने भावाचं नावही तोंडातून काढलं नव्हतं. लेक घाबरून माझ्या कुशीत शिरली. मला सासूबाईंचा संताप आला, इतका की त्यांच्यासमोरचा कपसुद्धा उचलावासा वाटेना. आणि त्याच क्षणी त्या इतक्या लहान दिसल्या की रडू आलं. दोन्ही खरं आहे. आजही दोन्ही खरंच आहे.

"नंबर आहे?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

सासूबाईंनी आपला फोन पुढे सरकवला. भाऊजींनी खिडकीशी उभं राहून स्वतःच त्यात नंबर घालून दिला होता. पाच वर्षांत सासूबाईंनी तो एकदाही लावला नव्हता. माझ्या नवऱ्याने त्याच फोनवरून लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. तो काय बोलणार होता, माफी मागणार होता की आणखी काही, मला माहीत नाही. त्याचे ओठ हलत होते.

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला. पलीकडे मशीनचा खडखडाट होता, मग दार लागल्याचा आवाज आला आणि शांतता झाली.

"आई?" भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले. "काय झालं? रडतेयस का? दादाला कळलं का काही? घाबरू नकोस, मी कुणाला काही बोललेलो नाही."