जिभेखालची गोळी

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागांत विहीर खणताना खडक लागला की डोमाजी आणि त्याचा धाकटा भाऊ चंदन यांना बोलावणं यायचं. भोकं पाडायची, जेलेटिनच्या कांड्या ठासायच्या, वात पेटवून वर यायचं. एकदा एक सुरुंग उडाला नाही. तो पाहायला चंदन खाली उतरला आणि तेव्हाच सुरुंग उडाला; चंदन जागीच गेला. डोमाजीनं ते काम सोडलं. भावजय वच्छला आणि तिचा तान्हा नितेश यांना सांभाळत भाजीपाला लावू लागला. तो रडला नाही. पुढं त्याची बायको पार्बताबाई गेली, तेव्हाही नाही.

यंदा छातीत कळा येऊ लागल्या. नितेशनं त्याला अमरावतीला नेलं. तिथं डॉक्टर रागिणीबाईंनी जिभेखाली एक गोळी ठेवायला दिली. छाती मोकळी झाली, पण कपाळ ठणकायला लागलं.

"हे त जेलेटिनचं दुखणं हाय," डोमाजी म्हणाला.

बाई चकित झाल्या. सुरुंगात असायचं तेच द्रव्य या गोळीत कणभर आहे, म्हणाल्या. ते शोधणाऱ्यानं चाटून पाहिलं, तर आधी त्याचंच डोकं ठणकलं. कांड्या हाताळणाऱ्या मजुरांच्या अंगात ते कातडीतून जायचं आणि डोकं दुखायचं. सवय झाली की दुखणं थांबायचं, आणि सुट्टीवरून परतलं की पहिल्या दिवशी पुन्हा सुरू.

भावाला नेणारी वस्तू त्याच्या जिभेखाली विरघळली होती. राग यायला हवा होता. आला नाही.

संध्याकाळी जेवताना त्यानं हे वच्छलाला सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. तिला ते दिवस आठवले. चंदन गेला त्याच्या दोन दिवस आधी ती दोघं तिच्या माहेरच्या लग्नाहून परतली होती. वाटेत भांडण झालं होतं. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तो जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून निजला. सकाळी न बोलताच कामावर गेला, तो परतलाच नाही.

"भाऊजी, ते गेले त्याच्या आदल्या सांजेले त्यायचं डोकं दुखत होतं का?"

"लय. फडकं बांधून काम केलं त्यानं. सुट्टीवरून आला होता ना."

"मले वाटलं, माह्यावर राग धरून गेले."

"राग नोता. बोलनंच होत नोतं त्याले."

वच्छलानं मान हलवली. रडू तिलाही आलं नाही. ताटातलं वरण निवलं. मग तिनं नितेशला आत बोलावलं आणि त्याचा बाप त्या रात्री उपाशी का निजला, ते त्याला सांगितलं.