तीन हजार वेळा ‘सांगता येत नाही’

चौतीस वर्षं ज्या माणसाने येणाऱ्या-जाणाऱ्याला “श्वास घ्या, धरा, सोडा” एवढंच सांगितलं, त्याला गल्लीत ‘धरासोडा’ नाव पडलं, यात गल्लीचा काय दोष? मोठ्या हॉस्पिटलात ते एक्स-रे काढायचे. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. पण निवृत्त झाले आणि त्यांना दिवस खायला उठला. भाजी निवडायला दिली तर एकेक पान उजेडासमोर धरून शिरा बघत बसायचे, आणि स्वयंपाक खोळंबला म्हणून बायको कपाळाला हात लावायची.

त्यांची लेक शाळेत विज्ञान शिकवायची आणि वरच्याच मजल्यावर राहायची. तिने त्यांना एक मोबाइल आणून दिला आणि त्यात आकाश दाखवणारं ॲप घालून दिलं. मोबाइल वर धरला की छतापलीकडचे तारे नावासकट दिसायचे. सगळं जग तो वर धरतं, यांनी खाली धरला! भरदुपारी फरशीच्या खाली, पृथ्वीच्या पार पलीकडे त्यांना चंद्र दिसला. “अगं, हा तर पृथ्वीचा एक्स-रे,” असं म्हणून त्यांनी बायकोला हात धुऊ न देता बाहेर बोलावलं. मग मोबाइलला चिमट्यासारखं लावायचं छोटं सूक्ष्मदर्शक आलं. साखरेचा दाणा झाला, बायकोच्या शालीचा धागा झाला, स्वतःचं नख झालं. मग अंतराळस्थानक आत्ता कुठे आहे हे दाखवणारी वेबसाइट सापडली. चहा पिता पिता ते शेजाऱ्यांना “आत्ता समुद्रावरून चाललेत बरं का,” असं सांगायचे, जणू घरचंच कुणी प्रवासाला गेलंय. शेजारीही भले, ते “पोचले की कळवा,” म्हणायचे.

पण खरं वेड लावलं ते लघुग्रह शोधायच्या वेबसाइटने. कुठल्याशा वेधशाळेतले शास्त्रज्ञ आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्याथोड्या वेळाने चार फोटो काढायचे. ते एकामागून एक दाखवायचे, आणि तुमच्या-आमच्यासारख्यांनी बघून सांगायचं. एखादा ठिपका जागचा हलला तर तो लघुग्रह असू शकतो. खाली चार बटणं होती: ‘ठिपका हलतोय’, ‘काही नाही’, ‘फोटोतला दोष’ आणि ‘सांगता येत नाही’.

काळे-करडे फोटो आणि त्यात पांढुरके डाग. धरासोडांना माहेरी आल्यासारखं वाटलं. त्यांना तो डार्करूममधला लाल दिवा आठवला, फिल्म धुवायच्या फिक्सरचा नाकात बसणारा वास आठवला, हँगरला लटकणाऱ्या ओल्या फिल्म आठवल्या. फिक्सरने पिवळी पडलेली बोटं जेवतानाही पिवळीच असायची. पुढे सगळं कॉम्प्युटरवर आलं, डार्करूममध्ये झाडू आणि बादल्या ठेवायला लागले, त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नव्हते. आता रोज जेवण झालं की ते चष्मा पुसून टेबलावरच्या लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरशी बसायचे ते चहापर्यंत. तीन महिने माणूस खुशीत होता. बायको लेकीला म्हणायची, हे असंच चालू दे बाई, माझी भाजी वाचली.

आणि एका रविवारी वेबसाइटचा निरोप आला. भाषा अगदी गोड, पण मतलब रोखठोक. तुमच्या उत्तरांचा आम्हाला उपयोग करता येत नाही. सोबत सरावाचे वीस फोटो दिले आहेत. ते आठवड्याभरात सोडवले नाहीत, तर तुमचं नाव यादीतून काढावं लागेल.

धरासोडांचं तोंड एवढंसं झालं. नोकरीत कधी साधी ताकीद मिळाली नव्हती त्यांना. लेकीने खाली येऊन त्यांचा हिशोब उघडला, आणि ती बघतच राहिली. तीन हजार दोनशे सहा फोटो. सगळ्यांना एकच उत्तर, ‘सांगता येत नाही’.

तिला वाटलं, बाबांना दिसतच नाहीये, डोळे दाखवायला हवेत. तिने एक फोटो लावला आणि काय दिसतंय ते विचारलं. धरासोडांनी घडाघडा सांगितलं. हा बारीक ठिपका डावीकडे सरकतोय, अगदी सावकाश. हा वरचा एकाच फोटोत आहे, बाकी तिन्हींत नाही, म्हणजे फोटोचा दोष. ती कडेची रेघ आहे ना, तिच्याकडे लक्षच देऊ नकोस.

मग बटण का नाही दाबलंत, तिने विचारलं. ते म्हणाले, मी कसं दाबणार? शास्त्रज्ञ आहेत ना तिकडे, ते सांगतील.

लेकीला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा बघून तिने हसू गिळलं.

आता यामागची गोष्ट सांगायला हवी. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका दुकानदाराची ओली फिल्म बघून यांनी तोंड उघडलं होतं, छातीत डाग दिसतोय म्हणून. दुकानदार घरी गेला, पोरांना जवळ बसवून त्याने निरवानिरव केली, धाकट्या भावाशी असलेलं भांडणसुद्धा मिटवलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी फिल्म बघितली तर तो डाग म्हणजे बंडीचं बटण! डॉक्टरांनी यांना समोर उभं करून सांगितलं, तू फोटो काढायचा, बोलायचं मी. तेव्हापासून तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. रडत विचारणारे आले, ओळखीचे आले, सगळ्यांना एकच उत्तर, डॉक्टर सांगतील.

एवढं लेकीला माहीत होतं. हसत हसत शंभर वेळा सांगितलेली गोष्ट होती ती. पण त्या रविवारी धरासोडा पुढे बोलले. बावीस वर्षांपूर्वी त्यांचा मोठा भाऊ स्वतःचा खोकला जात नाही म्हणून वहिनीला सोबत घेऊन आला होता. यांनीच त्याला यंत्रापुढे उभा केला, धरा-सोडा म्हटलं, आणि डार्करूममध्ये लाल दिव्यात फिल्म वर उचलली. त्या वेळी मात्र ते बटण नव्हतं. बाहेर आले तर दादा बाकावर शर्टाची बटणं लावत बसला होता. त्याने विचारलं, काय रे, काय दिसतंय?

“मी म्हटलं, डॉक्टर सांगतील,” धरासोडा म्हणाले. “डॉक्टर गावाला गेलेले, चार दिवसांनी येणार होते. आणि मी त्याच्या डोक्यावरून बघत ओरडलो, पुढचे कोण आहेत? सख्खा भाऊ गं माझा, आणि मी त्याला पुढचे कोण म्हटलं.”

वर्षभरात दादा गेला. त्यानंतर वहिनीच्या घरी जायचं म्हटलं की यांचं पोट दुखायचं, काहीतरी काम निघायचं. काही द्यायचं-घ्यायचं असलं की बायकोला पुढे करायचे. बायकोने सुरुवातीला विचारून बघितलं, मग सोडून दिलं. लेकीने आता एवढंच विचारलं, हे काकूला कधी सांगितलंत का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचा खांदा थोपटून ती वर गेली. शहाणी पोर, त्या वेळी शिकवणी घेत बसली नाही.

धरासोडांनी सरावाचा पहिला फोटो उघडला. ठिपका स्पष्ट हलत होता, लहान पोरानेही सांगितलं असतं. बोट बटणापाशी जाई आणि मागे येई. दहा मिनिटं अशी गेली. शेवटी त्यांनी फोटो तसाच ठेवला आणि मोबाइल उचलून वहिनीला फोन लावला. प्रकृती, पाणी, गुडघे असलं काही विचारलं नाही. एका दमात सांगून टाकलं, त्या दिवशी मला दिसलं होतं, वहिनी. सगळं दिसलं होतं. मी बोललो नाही.

मग वहिनी म्हणाली, “अहो भाऊजी, ते त्यांना तेव्हाच कळलं होतं. मला नंतर सांगितलं त्यांनी. म्हणाले, माझ्या भावाच्या तोंडावरच रिपोर्ट छापला होता. तुम्ही पुढचे कोण म्हणालात ना, तेव्हा तुमचा आवाज फुटला होता म्हणे.”

धरासोडा खुर्चीत टेकले.

ती पुढे सांगत राहिली. त्या दिवशी हॉस्पिटलातून निघाल्यावर दादा घरी जायला तयारच नव्हता. चार दिवस रजा टाकली आहे म्हणाला. कसली रजा ते तिला तेव्हा कळलं नाही. दोघं बागेत गेली, तळ्यावर गेली, एकदा नुसतीच बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आली. संसाराच्या एवढ्या वर्षांत नवरा कधी इतका बोलला नव्हता, असं ती म्हणाली, आणि सांगताना थोडी हसलीसुद्धा.

“म्हणजे त्याचा राग नव्हता माझ्यावर?” त्यांनी विचारलं.

“त्यांचा कसला राग? रागावले असेन तर मी,” वहिनी म्हणाली. “बावीस वर्षं तुम्ही माझा उंबरा चढला नाहीत. मला वाटायचं, त्यांच्या आजारपणात माझ्याकडूनच काही कमी पडलं, म्हणून तुम्ही तोंड फिरवलंत. कुणाला विचारणार मी?”

हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. इतकी वर्षं ते स्वतःच्या दुःखाला कवटाळून बसले होते, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ ती बिचारी एकटी लावत बसली होती. ते म्हणाले, “तुमचं काहीच चुकलं नाही, वहिनी. चुकलं ते माझं. उद्या येऊ का?” ती म्हणाली, यायचं तर जेवायला या, आणि पुन्हा बायकोला एकटीला पाठवलंत तर बघा.

फोन ठेवून ते टेबलाशी वळले आणि पहिलं बटण दाबलं. मग थांबले नाहीत. हलतोय, दोष, काही नाही, हलतोय. बायको चहा घेऊन आली, कप ठेवून बाजूला उभी राहिली आणि यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकतंय हे बघून कपाशेजारी रुमाल ठेवून गेली. वीस झाले तशी वेबसाइटने उत्तरं दाखवली. एकोणीस बरोबर, एक चूक. चूक पहिल्या-दुसऱ्यात नव्हती, नवव्यात होती. त्यात ठिपका जागचा हललाच नव्हता, पण त्या वेळी धरासोडांना टेबलासकट सगळंच हलताना दिसत होतं.