मामींची सात सीटर आणि माझी टिचभर गाडी

नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मोठी गाडी हवी होती आणि त्यासाठी माझी छोटी विकायची होती. माझी छोटी गॅसवर चालते, कुठल्याही बोळात शिरते आणि ती फक्त मी चालवते. तिच्यावर पाणी सोडायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, पांढुर्ण्याला माझ्या मामांकडे जाऊ. त्यांच्या दारात कित्येक वर्षं सात सीटर आहे, तेच तुला तिचं दुखणं सांगतील.

गॅस नागपुरातच भरून घ्या, पुढचा भरवसा नाही. सावनेरहून पांढुर्णा सरळ आहे. आम्ही लोधीखेडा-सौंसरचा वळसा घेतला, कारण वाटेत संत्र्याच्या बागा आहेत आणि मला अ‍ॅव्हरेज मिरवायचा होता. शनिवार मात्र टाळा, जामसावळीच्या हनुमानाला रीघ असते. सौंसरला आलूबोंडे हाणले. पुढे एक ट्रक कानाशी असा बोंबलत गेला की गाडी शहारली. नितीन नुसता हसला, आणि मला तेच झोंबलं.

पांढुर्ण्यात पोचताच विचारलं, "मामा, मोठी गाडी घेऊन पस्तावलात ना?"

"पस्तावीन कायले? दारी गाडी आहे अन् माणसाले जागा नाही, असं सांगाची लाज वाटते बाई. एकट्याले त सायकल पुरते."

माझा वकीलच फितूर झाला.

गाडी चालवतात मामी. दुपारी त्या आम्हाला तिगावला त्यांच्या बहिणीकडे घेऊन निघाल्या. इथे मोठी गाडी निघाली की गल्ली विचारते, "जागा आहे काय?" विचारेपर्यंत एक पाय आत आलेला असतो. वेशीपर्यंत आम्ही दहा जण झालो, शिवाय कापसाचं एक बोचकं. माझ्या मांडीवर कुणाच्या तरी वांग्यांची टोपली होती, आणि हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. एवढी धमाल माझ्या गाडीत कधीच झाली नव्हती, हे कबूल.

परतल्यावर मामी माझ्या गाडीभोवती दोन चकरा मारून आल्या.

"हे मले आठ दिवस देतं काय? तुम्ही माही घेऊन जा."

"मामी, यात तुमची माणसं मावायची नाहीत."

"मावत नाही म्हणूनच त मांगून राहिली. गाडी आल्यापासून मी एकटी कुठंच नाही गेली."

मी किल्ली दिली. येताना सात सीटर मी चालवली. काय सांगू! कुंपणापलीकडची शेतं दिसत होती, ट्रकवाले बाजू देत होते, आणि मी मोकळ्या गळ्याने गात होते. लोक एवढी डिझेल पिणारी धुडं का घेतात ते मला तेव्हा कळलं. त्यांना रस्त्याची भीती वाटत नाही, आणि त्या दिवशी मलाही वाटली नाही. नितीन शेजारी बसून शेंगा सोलत होता.

नागपुरात गाडी आमच्या घराच्या फाटकातून आत जाईना. ती रस्त्यावर उभी असते, टाकी भरताना जीव कळवळतो, तरी मी कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा तीच घेऊन जाते.

आठ दिवस उलटल्यावर मामींचा फोन आला. "गाडी आणून देऊ काय?" आवाज अगदी पडलेला.

मी म्हटलं, "घाई नाही मामी. मलाही नाही."

मग मामी म्हणाल्या, "त मग मी उद्या रामाकोन्याले जाऊन येतो. काही काम नाही तिथं."