मामींची खाण्यापिण्यापुरती स्पॅनिश

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये जिद्दीची माणसं पुष्कळ असतील, पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या मामींपुढे ती सगळी पाणी भरतील. मामी तंजावरकडच्या मराठी. मुलगा स्पेनमध्ये, सून तिकडचीच आणि नातीला स्पॅनिशखेरीज काही येत नाही. मागच्या खेपेला ती चार वर्षांची पोर "आग्वा, आग्वा" म्हणून रडत होती आणि मामी तिला दहीभात भरवत होत्या. मुलगा बाहेरून आला तेव्हा कळलं, ती पाणी मागत होती. "माझ्या घरात लेकरू तहानेनं रडलं," एवढंच मामी म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर स्पॅनिश शिकू लागल्या.

पण शिकायचे ते फक्त खाण्यापिण्याचे शब्द. बाकीच्या भाषेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. शब्द घशाखाली उतरल्याशिवाय पाठ होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि घसा माझा होता. मला वर बोलावून "कोमे" म्हणजे खा म्हणत त्या इडली वाढायच्या, "बेबे" म्हणजे पी म्हणत कॉफीचा टंबलर पुढे करायच्या. उच्चार चुकला की पुन्हा म्हणायच्या आणि पुन्हा वाढायच्या. सहा महिन्यांत माझा पट्टा दोन भोकं पुढे गेला. फक्त "पुरे" म्हणायचा शब्द, "बास्ता", त्यांनी वहीत घेतलाच नाही. "तो कशास रे? जेवणारानं नको म्हणावं, वाढणारानं ऐकू नये. एवढं सगळ्यांस ठाऊक असतंय!"

या उन्हाळ्यात नात आली. आजीच्या तोंडून "कोमे" ऐकून ती आधी थक्क झाली, मग पोटभर जेवली. चौथ्या पोळीला मात्र तिनं दोनदा "बास्ता!" म्हणून पाहिलं. मामी वाढतच होत्या. शेवटी पोरीनं दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "अय्यो, पाहिलास? आमचीच आहे ही!" मामींचा आनंद घरात मावेना.

पंधरा दिवस एकही शब्द अडला नाही. निघायच्या सकाळी मुलगा टॅक्सीत सामान ठेवत होता, तेवढ्यात नातीनं मामींच्या गळ्यात हात टाकले आणि कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. टॅक्सी गेली तरी मामी फाटकापाशीच उभ्या होत्या.

"काय म्हणाली हो?" मी विचारलं.

"कळलं नाही रे. खाण्यापिण्याचं एक अक्षर नव्हतं त्यात."

मुलाला फोन करून विचारूया, असं मी सुचवलं.

"नको. मला म्हणाली ती. माझं मीच समजून घेईन."

दुसऱ्या दिवशी मामी वही घेऊन खाली आल्या. कोरं पान उघडून माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "जाताना माणसं काय काय बोलतात, तेवढं शोधून दे."